न घेतलेल्या विजेची किंमत

एखादें कुटुंब मे महिन्यांत शहरांतील घराला कुलूप लावून आपल्या गांवीं जातें. निघण्यापूर्वीं विजेचा मुख्य खटका बंद केलेला असतो, त्यामुळें महिनाभर मीटर जागचा हलत नाहीं. परत आल्यावर दाराच्या फटींतून आंत सरकविलेलें विजेचें बिल गृहस्थांच्या हातीं पडतें आणि ते चकित होतात. एक युनिटहि वीज वापरली नाहीं, तरी 'स्थिर आकार' या नांवाखालीं रक्कम मांडलेली आहेच. "महिनाभर वाण्याकडून साखर आणली नाहीं, तर वाणी कांहीं पैसे मागत नाहीं, मग हेच तेवढे कां मागतात?" असा रोखठोक सवाल गृहिणी करते, आणि गृहस्थांना उत्तर सुचत नाहीं.

सवाल घरगुती खरा. परंतु क्षुल्लक नव्हे. न घेतलेल्या विजेचे पैसे कां द्यावयाचे, किती द्यावयाचे, आणि ते कोणीं द्यावयाचे, हा वीज-व्यवसायाच्या अर्थशास्त्रांतील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याचें उत्तर अगोदर नीट न शोधल्यामुळें महाराष्ट्रास एकदां फार जबर किंमत मोजावी लागली.

धान्य कोठारांत भरून ठेवतां येतें, पाणी धरणांत अडवितां येतें. वीज मात्र ज्या क्षणीं निर्माण होते, जवळजवळ त्याच क्षणीं वापरली गेली पाहिजे. मोठाले विद्युत्घट आतां बसूं लागले आहेत. घाटघरसारख्या ठिकाणीं खालच्या तलावांतील पाणी वरच्या तलावांत चढवून गरजेच्या वेळीं पुनः खालीं सोडण्याची सोय आहे. तथापि एकूण खपाच्या मानानें हा सांठा अद्यापि थोडाच आहे. याचा परिणाम असा होतो कीं, वर्षांतील ज्या एका तासाला मागणी सर्वांत अधिक असेल, त्या तासाला पुरेल एवढी यंत्रसामग्री वर्षभर सज्ज ठेवावी लागते. लग्नघरीं पांचशें पानें वाढावयाचीं ठरलीं, म्हणजे तेवढ्यांचा मंडप, तेवढीं भांडीं आणि तितके आचारी सांगावे लागतात. ऐन वेळीं पाहुणे शंभरच आले, तर तांदूळ आणि तूप वाचेल. परंतु मंडपाचें भाडें आणि आचाऱ्यांची मजुरी कांहीं कमी होत नाहीं.

विजेचा खर्च असाच दोन प्रकारचा आहे. यंत्रें, इमारती, तारा, कर्जावरील व्याज आणि नोकरवर्ग यांचा खर्च वीज निघो वा न निघो, चालूच राहतो. कोळसा किंवा वायु यांचा खर्च मात्र जेवढी वीज निघेल तेवढाच होतो. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्यानें ही फोड १८९२ मध्यें स्पष्ट करून दाखविली, आणि ग्राहकाकडून घ्यावयाचा आकारहि दोन भागांत असावा असें प्रतिपादन केलें. पुढें १९४९ सालीं फ्रान्समधील मार्सेल ब्वातो या अर्थशास्त्रज्ञानें या विचाराला रेखीव गणिती रूप दिलें. ज्या वेळीं मागणीचा कळस असतो, त्या वेळच्या ग्राहकानें यंत्रसामग्रीचा भार उचलावा. इतर वेळीं दर उतरावा. हा त्याच्या विवेचनाचा सारांश होय. हेच ब्वातो पुढें फ्रान्सच्या राष्ट्रीय वीजसंस्थेचे प्रमुख झाले, त्यामुळें कागदावरचें गणित व्यवहारांत उतरलें. महाराष्ट्रांतील कारखान्यांना आज दिवसाच्या वेळेप्रमाणें निरनिराळा दर पडतो, त्याचें मूळ या विचारांत आहे. कुलूप लावलेल्या घराच्या बिलावरील स्थिर आकार म्हणजे त्या घरासाठीं उभारलेल्या मंडपाचें भाडेंच होय.

परंतु येथेंच दुसरा प्रश्न उपस्थित होतो. मंडप केवढा बांधावा, आणि त्याचें भाडें वाजवी आहे किंवा नाहीं, हें कोणीं ठरवावयाचें? एका गल्लींत वाण्याचीं चार दुकानें असूं शकतात. परंतु विजेच्या तारांचीं चार जाळीं टाकणें हा शुद्ध अपव्यय होय. जेथें विक्रेता एकच, तेथें चढाओढ ग्राहकाचें रक्षण करूं शकत नाहीं. तें काम कायद्यानें करावें लागतें. हिंदुस्थानांत १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची योजना केली, आणि महाराष्ट्राचें वीज मंडळ १९६० मध्यें अस्तित्वांत आलें.

अशा व्यवसायांत अर्थशास्त्रीय सल्लागाराचें काम काय, हें पाहण्याजोगें आहे. यंत्रापासून किती वीज निघेल हें अभियंता सांगतो. किती रुपये खर्च झाले हें हिशेबनीस सांगतो. करारांत काय लिहिलें आहे हें वकील सांगतो. सल्लागार यांच्यापेक्षां निराळी पृच्छा करतो: "हें न करतां दुसरें काय करतां आलें असतें, आणि तें कितीला पडलें असतें?" आणि तिच्याच जोडीला: "अंदाज चुकला, तर तोटा कोणाच्या पदरीं पडणार?" या दोन प्रश्नांची उत्तरें करारावर सही होण्यापूर्वीं मिळालीं तर त्यांचा उपयोग, नंतर मिळालीं तर तीं केवळ इतिहासाचीं साधनें होतात. दाभोळचें प्रकरण याचें ठळक उदाहरण आहे.

१९९१ मध्यें वीजनिर्मितीचें क्षेत्र खासगी व परदेशी भांडवलास मोकळें झालें. जून १९९२ मध्यें एन्रॉन या अमेरिकन कंपनीनें महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर प्राथमिक करारनामा केला. रत्नागिरी जिल्ह्यांत वाशिष्ठी नदीच्या मुखाशीं, दाभोळ बंदराच्या समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यांतील अंजनवेल येथें सुमारें दोन हजार मेगावॉटचें केंद्र दोन टप्प्यांनीं उभारावयाचें; पहिल्या टप्प्यांत खनिज तेलापासूनचें इंधन जाळावयाचें आणि पुढें जहाजानें आणलेला द्रवरूप नैसर्गिक वायु वापरावयाचा, अशी योजना होती. डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार झाला. त्याची मुदत वीस वर्षांची होती.

या कराराचा गाभा समजण्यासाठीं एक कल्पित हिशेब पुरेसा आहे. समजा, केंद्राच्या एका किलोवॉट क्षमतेबद्दल वर्षाला ८,००० रुपये स्थिर आकार द्यावयाचा ठरला आणि इंधनाचा खर्च दर युनिटला २ रुपये आहे. वर्षाचे तास ८,७६०. केंद्र त्यांच्या ९० टक्के वेळ चाललें, तर एका किलोवॉटमागें ७,८८४ युनिटें निघतील. स्थिर आकाराचा वांटा युनिटामागें सुमारें १ रुपया पडेल आणि वीज ३ रुपयांना मिळेल. तेंच केंद्र ३० टक्केच चालविलें, तर युनिटें २,६२८ निघतील. स्थिर आकाराचा वांटा ३ रुपयांवर जाईल आणि तीच वीज ५ रुपयांना पडेल. करारांतील एक अक्षरहि न बदलतां, कोणीं कांहीं लबाडी न करतां, दर असा चढतो. म्हणून "युनिटला किती?" हा प्रश्न अपुरा आहे. "किती युनिटें घेतलीं तर युनिटला किती?" असें विचारलें पाहिजे.

दाभोळच्या करारांत मंडळानें मोठ्या प्रमाणावर वीज घेण्याचें गृहीत धरलेलें होतें. आणि केंद्र सज्ज असतांना वीज घेतली नाहीं, तरी क्षमतेबद्दलचा आकार देणें मंडळावर बंधनकारक होतें. शिवाय त्या आकाराचा मोठा भाग डॉलरच्या भावाशीं जोडलेला होता आणि इंधनाचा भाव जगाच्या तेलबाजाराशीं. म्हणजे मागणी कमी पडण्याचा धोका, रुपया घसरण्याचा धोका आणि तेल महागण्याचा धोका, हे तिन्ही धोके मंडळाच्या, पर्यायानें ग्राहकाच्या, माथीं आले. मंडळानें पैसे दिले नाहींत तर राज्य सरकारनें द्यावे, अशी हमी होती. आणि पहिल्या टप्प्यापुरती त्या हमीलाहि केंद्र सरकारची प्रतिहमी होती.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असें नव्हे. १९९३ मध्येंच जागतिक बँकेनें या योजनेस कर्ज देण्याचें नाकारलें. मंडळाला चणचण भासते ती संध्याकाळच्या कळसाच्या वेळीं. हें केंद्र मात्र अहोरात्र चालेल अशा हिशेबानें आंखलें आहे. तें तसें चालविलें, तर कोळशाचीं स्वस्त केंद्रें थांबवावीं लागतील. असें बँकेच्या आक्षेपाचें थोडक्यांत स्वरूप होतें. हा शुद्ध अर्थशास्त्रीय आक्षेप होता, आणि 'दुसरें काय करतां आलें असतें' या प्रश्नांतून तो निघाला होता.

मार्च १९९५ मध्यें राज्यांत सत्तांतर झालें आणि ऑगस्ट १९९५ मध्यें नव्या सरकारनें करार रद्द केला. त्याच वर्षीं पुण्याच्या 'प्रयास' संस्थेंतील गिरीश संत, शांतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनीं कराराच्या रचनेचें तपशीलवार विश्लेषण 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्यें प्रसिद्ध केलें. आरंभीं जो करार जनतेच्या दृष्टीआड होता, त्याचीं कलमें साध्या अंकगणितानें उलगडून दाखवितां येतात, हें या लेखनानें सिद्ध झालें. मोठें कार्यालय नाहीं, कोणा पक्षाचें पाठबळ नाहीं. केवळ कागद वाचण्याची चिकाटी आणि बेरजा तपासण्याची संवय, एवढ्याच भांडवलावर हें काम झालें.

तथापि करार कायमचा मोडला नाहीं. फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ मध्यें २,१८४ मेगावॉटची सुधारलेली योजना मंजूर झाली. पूर्वींचा २ रुपये ४० पैशांचा दर १ रुपया ८६ पैशांवर आला, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. दर उतरला, परंतु धोक्यांची वांटणी होती तशीच राहिली. मे १९९९ मध्यें पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, तों पुढल्याच वर्षीं तेल महागलें. १९९३ मध्यें एका डॉलरला सुमारें ३१ रुपये पडत, ते २००१ पर्यंत ४७ च्या घरांत गेले. वीज महाग, म्हणून मंडळ ती कमी घेऊं लागलें. कमी घेतली, म्हणून दर युनिटला ती आणखी महाग पडूं लागली. वरच्या कल्पित हिशेबांतील फेरा आतां प्रत्यक्षांत फिरूं लागला. कांहीं महिन्यांत तर या विजेचा दर युनिटला ७ रुपयांवर गेला.

मंडळाला बिलें भागविणें अशक्य झालें. २००१ च्या आरंभीं कंपनीनें केंद्र सरकारच्या प्रतिहमीची मागणी केली. राज्य सरकारनें माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. एप्रिल २००१ मध्यें सादर झालेल्या तिच्या अहवालांत कोणा एका सरकारावर ठपका ठेवण्याऐवजीं, निरनिराळ्या काळच्या सरकारांच्या व यंत्रणांच्या कारभारांतील अपयशावर बोट ठेवलेलें आहे. मे महिन्यांत वीज घेणें बंद झालें. डिसेंबर २००१ मध्यें अमेरिकेंत एन्रॉन कंपनीनेंच दिवाळें काढलें. दुसरा टप्पा पुरा होत आलेला असतांना अंजनवेलचीं यंत्रें समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत निपचित पडून राहिलीं. २००५ मध्यें सरकारी कंपन्यांच्या पुढाकारानें 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही नवी कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्यें केंद्र पुनः चालूं लागलें. मधल्या काळांत राज्यांतील खेड्यापाड्यांत भारनियमनाचा अंधार होता. मंडप उभा होता, भाड्याचा तगादा होता, आणि पंगत मात्र उपाशी होती.

या अनुभवापासून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली, ती ही कीं, बंद दाराआड दर ठरविण्याच्या पद्धतीवरील लोकांचा विश्वास उडाला. १९९८ च्या कायद्यान्वयें ऑगस्ट १९९९ मध्यें महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, आणि २००३ च्या विद्युत कायद्यानें आयोगांचे अधिकार विस्तृत केले. आतां वितरण कंपनीनें कोणाकडून, कोणत्या दरानें वीज घ्यावी यालाहि आयोगाची मान्यता लागते. दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो. त्यावर कोणाहि नागरिकाला हरकत घेतां येते. आणि रीतसर अर्ज दाखल झाल्यापासून १२० दिवसांत आयोगानें सकारण निर्णय द्यावा असा दंडक आहे. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठीं आयोग प्रतिनिधि नेमूं शकतो. पुण्याची 'प्रयास' आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांनीं हें काम केलें आहे.

आयोगापुढील सुनावणी ही एका अर्थीं सल्लागारांची कुस्तीच असते. कंपनीचा सल्लागार असतो, कारखानदारांचा असतो, आयोगाचा स्वतःचाहि असतो. आंकडे तेच; उत्तरें मात्र निराळीं निघतात. याचें कारण गणितांत नसून गृहीतांत असतें. मागणी दरवर्षीं किती वाढेल? तारांतून किती वीज गळते? मीटर नसलेले शेतीपंप खरोखर किती वीज घेतात? यांपैकीं एका आंकड्यास किंचित् ढकललें, कीं शेवटची बेरीज कोट्यवधि रुपयांनीं सरकते. म्हणून सल्लागाराच्या प्रामाणिकपणाची कसोटी त्याच्या निष्कर्षांत पाहूं नये. त्यानें आपलीं गृहीतें किती उघडपणें मांडलीं, यांत पाहावी. ज्या हिशेबाचीं गृहीतें दडविलेलीं आहेत, तो हिशेब कितीहि सुबक असला तरी ग्राह्य मानूं नये.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, एवढा खटाटोप कशाला? बाजार खुला केला, म्हणजे दर आपोआप वाजवी होतील. या मतांत तथ्य आहे, परंतु तें अर्धें आहे. जून २००८ पासून भारतांत 'इंडियन एनर्जी एक्स्चेंज'वर विजेची खरेदीविक्री होते. तेथें दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले आहेत, आणि प्रत्येक भागाचा दर निराळा निघतो. दुपारीं सौरवीज मुबलक असतांना दर उतरतो, दिवेलागणीनंतर चढतो. ब्वातो यांनीं १९४९ मध्यें जें सूत्र मांडलें, तें येथें रोज डोळ्यांना दिसतें. परंतु जो माल सांठवितां येत नाहीं आणि ज्यावांचून क्षणभर चालत नाहीं, त्याच्या टंचाईंत विक्रेता मागेल ती किंमत द्यावी लागते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें २०००–०१ मध्यें घाऊक दर मोकळे सोडले होते. घरगुती ग्राहकांचे दर मात्र बहुतांशीं गोठविलेले होते. या कात्रींत सांपडून तेथील एका मोठ्या वीज कंपनीला एप्रिल २००१ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. भारतांतहि २०२२ च्या उन्हाळ्यांत टंचाई भासतांच केंद्रीय आयोगानें बाजारदरावर युनिटला १२ रुपयांची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२३ पासून ती १० रुपयांवर आणली. यावरून दिसतें कीं, बाजारालाहि पंच लागतो.

शिवाय देशांतील बरीचशी वीज आजहि बाजारांतून न येतां दीर्घ मुदतीच्या करारांतूनच येते. म्हणजे दाभोळचा प्रश्न संपलेला नाहीं. सूर्यप्रकाशाची वीज जसजशी वाढेल, तसतशीं कोळशाचीं केंद्रें दुपारीं मंदावतील. तरी संध्याकाळसाठीं तीं सज्ज ठेवावीं लागतील आणि त्यांचा स्थिर आकार चालूच राहील. उद्यांच्या विद्युत्घटांच्या करारांतहि सज्जतेचेंच भाडें असणार आहे. तें भाडें देण्यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें गरजेहून मोठा मंडप घालणें, आणि त्याचें भाडें कोण देणार हें निमंत्रितांपासून लपविणें.

तात्पर्य, गांवाहून परतलेल्या त्या गृहस्थांनीं स्थिर आकाराचे पैसे निमूटपणें भरावे, परंतु गृहिणीचा सवाल मात्र सोडूं नये. तो योग्य जागीं नेऊन विचारावा. पुढल्या वेळीं वर्तमानपत्रांत दरवाढीच्या अर्जाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईल, तेव्हां पान उलटण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: किती वीज लागेल असें धरलें आहे, ती न लागल्यास पैसे कोण देणार, आणि हेंच काम याहून स्वस्तांत करण्याचा दुसरा मार्ग तपासला होता काय. यांसाठीं अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. लग्नघरचा खर्च डोळसपणें सांभाळणाऱ्या कोणाहि गृहिणीला हे तिन्ही प्रश्न ठाऊक असतात. मंडप घालण्यापूर्वीं ते विचारावयाचे असतात, हेंहि तिला ठाऊक असतें.